पोस्टग्रेसचं ‘सोर्सवरून इन्स्टॉलेशन’: एका मॅन्युअलची समीक्षा

संशोधनाला लागण्याआधी काय वाचू, असं कुणी विचारलं की आपण पटकन चार पेपरांची नावं सांगतो. ‘मॅन्युअल वाच’ असं सहसा कुणी सांगत नाही. आजचा लेख मात्र एका मॅन्युअलमधल्या एका प्रकरणावर आहे. पेपरची समीक्षा करतो तशीच त्याची करू या: सांगायचं काय आहे, कुणाला सांगायचं आहे, कुठे जमलंय आणि कुठे निसटलंय.

प्रकरण आहे पोस्टग्रेसएसक्यूएल या ओपन सोर्स डेटाबेसच्या अधिकृत दस्तऐवजातलं. सोर्स कोड उतरवून घ्यायचा, स्वतः कंपाइल करायचा आणि सर्व्हर बसवायचा, ही कृती त्यात आहे. त्यापुढे सर्व्हर उभा करून चालवण्याचं प्रकरण येतं, तेही सोबत घेऊ. पुढे नुसतं ‘पोस्टग्रेस’ म्हणू या.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. सर्व्हर चालू करून देणं हे काम ही प्रकरणं फार चांगलं करतात. पण संशोधकाच्या दृष्टीने कंपाइल करणं ही प्रयोगाआधीची झाडलोट नसते, तो प्रयोगाचाच भाग असतो. त्या अंगाने ही प्रकरणं वाचली तर महत्त्वाच्या गोष्टी आहेत, पण विखुरलेल्या, आणि काही तर सगळ्यात जास्त वाचल्या जाणाऱ्या भागातून गाळलेल्या. आपण तिथेच फसतो.

आधी थोडी ओळख

पोस्टग्रेसचा जन्मच विद्यापीठातला. १९८६ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली हा प्रकल्प सुरू झाला. आधीच्या ‘इन्ग्रेस’नंतरचा, म्हणून ‘पोस्टग्रेस’. १९९४ मध्ये अँड्र्यू यू आणि जॉली चेन या तिथल्याच दोन विद्यार्थ्यांनी त्याला एसक्यूएल जोडलं आणि १९९६ मध्ये आजचं नाव मिळालं. म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्या विद्यार्थ्यांचे हात या कोडला लागलेले आहेत.

डेटाबेसवर संशोधन करणारे आजही पोस्टग्रेसकडे वळतात, याचं कारण कोड उघडून बदलता येतो. एक गाजलेलं उदाहरण घ्या. व्हिक्टर लाइस आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये क्वेरी ऑप्टिमायझर खरंच किती चांगले असतात, हा प्रश्न विचारणारा पेपर लिहिला. आयएमडीबीच्या चित्रपटांच्या डेटावर ११३ क्वेऱ्या. ‘या जोडणीतून किती ओळी निघतील’ याचे वेगवेगळ्या डेटाबेसचे अंदाज त्यांनी गोळा केले आणि ते पोस्टग्रेसच्या ऑप्टिमायझरला बाहेरून भरवले. शिवाय ९.५ या तेव्हा येऊ घातलेल्या आवृत्तीतली हॅश टेबलची सुधारणा त्यांनी ९.४ मध्ये मागे आणून बसवली, कारण जुन्या पद्धतीत अंदाज चुकला की हॅश टेबल छोटं राहायचं आणि क्वेरी रेंगाळायची. तयार पॅकेज बसवून यातलं काहीच करता आलं नसतं.

डझनभर ओळींचं कौतुक

प्रकरणात सुरुवातीलाच ‘थोडक्यात कृती’ दिली आहे. जेमतेम डझनभर ओळी. आधी ‘कॉन्फिगर’ चालवा, म्हणजे तुमच्या मशीनवर कोणता कंपायलर आहे, कोणत्या लायब्ररी आहेत हे तपासलं जातं. मग ‘मेक’, म्हणजे प्रत्यक्ष कंपाइल. मग रूट होऊन ‘मेक इन्स्टॉल’. मग ‘पोस्टग्रेस’ नावाचा वेगळा युजर, त्याच्या मालकीची डेटा डिरेक्टरी, ‘इनिटडीबी’ने त्या डिरेक्टरीत डेटाबेसचा पाया, ‘पीजी-सीटीएल’ने सर्व्हर सुरू, एक चाचणीचा डेटाबेस तयार, आणि शेवटी त्याला जोडून घेणारा ‘पी-एसक्यूएल’.

मॅन्युअल कसं लिहावं याचा हा वस्तुपाठ आहे. एकही ओळ फालतू नाही, प्रत्येक टप्प्याचं फळ पुढच्या टप्प्याला लागतं. कुठेतरी अडलात तर नेमके कुठे अडलात हे लगेच कळतं. ‘कॉन्फिगर’ला रीडलाइन किंवा आयसीयू लायब्ररी सापडली नाही तर तो तिथेच थांबतो, गुपचूप पुढे जात नाही. तुम्हाला ती नको असेल तर ‘नको’ असं स्पष्ट सांगावं लागतं.

दुसरं कौतुक रूटबद्दल. पोस्टग्रेसचा सर्व्हर रूट म्हणून सुरूच होत नाही, सरळ नकार देतो. आणि दस्तऐवज कारणही सांगतो: सर्व्हर चालवणाऱ्या युजरच्या ताब्यात फक्त डेटा असावा, प्रोग्रामच्या फाइली असू नयेत. उद्या कुणी सर्व्हरमध्ये घुसलंच, तर त्याला मूळ प्रोग्राम बदलता येऊ नये. नियम आणि त्याचं कारण शेजारी-शेजारी. बहुतेक मॅन्युअलं फक्त नियम सांगतात.

त्या डझनभर ओळींत काय नाही

आता टीका. पहिली गोष्ट ‘मेक चेक’ची. कंपाइल झाल्यावर हा आदेश दिला की पोस्टग्रेस स्वतःची एक तात्पुरती प्रत बसवतो, तात्पुरता सर्व्हर उभा करतो, एसक्यूएलच्या चाचण्यांच्या फाइली चालवतो आणि आलेलं उत्तर आधीच ठेवलेल्या अपेक्षित उत्तराशी अक्षरशः ताडून पाहतो. फरक पडला तर तो वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवतो. काही फरक मशीनच्या स्वभावामुळेही पडू शकतात, तेव्हा ‘नापास’ दिसलं तरी फरक डोळ्यांनी बघा, असंही दस्तऐवज सांगतो.

हे सगळं सविस्तर कृतीत आहे, पण ‘तुम्हाला हवं असेल तर’ या सुरात. थोडक्यात कृतीत ही ओळच नाही. जो फक्त सर्व्हर वापरणार आहे त्याला ते चालेल, कारण प्रसिद्ध झालेली आवृत्ती भरपूर मशीनवर तपासलेली असते. पण जो ऑप्टिमायझरमध्ये वीस ओळी घुसवणार आहे त्याच्यासाठी ही ओळ सगळ्यात महत्त्वाची. तुमच्या बदलानंतर क्वेरी दुप्पट वेगाने धावली आणि उत्तरात तीन ओळी कमी आल्या, तर तो वेग कशाचा? चुकीचं उत्तर लवकर देणं सोपं असतं. म्हणून क्रम असा ठेवा: बदल करण्याआधी एकदा ‘मेक चेक’, बदल केल्यावर पुन्हा, आणि मगच घड्याळ हातात घ्या.

दुसरी गोष्ट: ही कृती रूटचा अधिकार गृहीत धरते. आपल्याकडच्या विभागातल्या लॅबमध्ये तो कुठून मिळणार? सिस्टीम बघणाऱ्या सरांकडे अर्ज, मग वाट. खरं तर त्याची गरजच नाही. ‘प्रीफिक्स’ हा पर्याय देऊन सगळं आपल्या होम डिरेक्टरीत बसवता येतं, डेटा डिरेक्टरीही तिथेच, आणि ५४३२ हा नेहमीचा पोर्ट दुसऱ्या कुणी घेतला असेल तर वेगळा पोर्ट. याचा मोठा फायदा म्हणजे मूळ पोस्टग्रेस एका प्रीफिक्सवर आणि तुमचा बदललेला दुसऱ्या प्रीफिक्सवर, असे दोन सर्व्हर एकाच मशीनवर गुण्यागोविंदाने नांदतात. तुलना करायची तर हीच मांडणी हवी. दस्तऐवजात ‘प्रीफिक्स’ आहे, पण पर्यायांच्या लांबलचक यादीत इतरांसारखाच एक म्हणून.

तिसरी गोष्ट जास्त गंभीर. ‘इनिटडीबी’ कुठलाही पर्याय न देता चालवलं, तर त्याच मशीनवरच्या कोणत्याही युजरला पासवर्डशिवाय डेटाबेसमध्ये शिरता येतं, अगदी सुपरयुजर म्हणूनही. स्वतःच्या लॅपटॉपवर ठीक आहे. पण लॅबच्या सर्व्हरवर तीस जणांची खाती असतात, आणि त्यातल्या एकाने चुकून तुमचं टेबल उडवलं तर चार महिन्यांची मोजमापं गेली. ‘इनिटडीबी’ चालताना तशी सूचना पडद्यावर येते, सर्व्हर उभारण्याच्या प्रकरणातही उपाय दिला आहे: सुपरयुजरला पासवर्ड द्या आणि पासवर्ड विचारणारी पद्धत निवडा. मात्र ज्या ओळी सगळे जण कॉपी करतात, त्यांत हा पर्याय नाही.

एक पर्याय आणि एक आलेख

आता या प्रकरणाच्या ज्या भागाशी माझं खरं भांडण आहे तिथे येऊ. कंपाइल करताना डेव्हलपरसाठीचे काही पर्याय देता येतात. त्यातला एक डीबगची माहिती प्रोग्राममध्ये ठेवतो. दुसरा, ‘सी-असर्ट’, कोडमध्ये जागोजागी पेरलेल्या तपासण्या चालू करतो: हा पॉइंटर रिकामा तर नाही ना, हे कुलूप खरंच आपल्या हातात आहे ना, वगैरे. कोडमध्ये बदल करणाऱ्याने हा दुसरा पर्याय चालू ठेवलाच पाहिजे, त्याच्याइतका चांगला पहारेकरी नाही. एखादी तपासणी फसली की सर्व्हर तिथेच कोसळतो, आणि शिकताना तेच हवं असतं.

दस्तऐवज प्रामाणिकपणे सांगतो की या तपासण्यांनी सर्व्हर बराच मंदावू शकतो, आणि छोटीशी चूकही सर्व्हर पाडू शकते, म्हणून प्रत्यक्ष वापरात तो ठेवू नका. वाक्य बरोबर आहे. पण ते ‘प्रत्यक्ष वापर’ करणाऱ्याला उद्देशून आहे, मोजणाऱ्याला उद्देशून नाही.

मोजणाऱ्याचं काय होतं बघा. एका विद्यार्थ्याने ‘सी-असर्ट’ लावून बदललेला पोस्टग्रेस बांधला. तुलनेसाठी मशीनवर आधीच असलेला पॅकेजचा पोस्टग्रेस घेतला. आलेखात त्याची नवी पद्धत हळू दिसली आणि त्याने ती टाकून दिली. उलटंही होऊ शकतं: तुलनेचा सर्व्हर तपासण्या लावून बांधलेला आणि आपला त्यांच्याशिवाय. मग आलेख सुंदर येतो, पेपर जातो, आणि दुसऱ्या कुणी प्रयोग पुन्हा केला की सुधारणा गायब. दोन्हीकडे एसक्यूएल तेच, डेटा तोच, मशीन तेच. फरक ‘कॉन्फिगर’च्या एका ओळीत होता आणि ती ओळ पेपरमध्ये कुठेच नव्हती.

नव्या बांधणी-पद्धतीमुळे यात आणखी एक वळण आलंय. १६ व्या आवृत्तीपासून पोस्टग्रेस दोन मार्गांनी बांधता येतो: जुना ‘कॉन्फिगर’ आणि ‘मेक’चा, आणि नवा ‘मेसन’चा. जुन्या मार्गाने जीसीसी कंपायलरला मूळची ‘ओ-२’ ही ऑप्टिमायझेशनची पातळी मिळते, डीबगची माहिती नसते. मेसनमध्ये काहीच सांगितलं नाही तर ‘ओ-२’ आणि सोबत डीबगची माहिती. पण मेसनमध्ये ‘रिलीज’ असा एक बांधणीप्रकार आहे. नाव बघून कुणालाही वाटेल की मोजायला हाच घ्यावा. तो घेतला की पातळी ‘ओ-३’ होते. म्हणजे एक सर्व्हर जुन्या मार्गाने आणि दुसरा मेसनच्या ‘रिलीज’ने बांधला, तर तुम्ही दोन कल्पनांसोबत दोन कंपायलर-पातळ्यांचीही तुलना करताय. प्रकरणात दोन्ही मार्ग आपापल्या जागी नीट समजावले आहेत. पण दोहोंच्या न सांगता ठरणाऱ्या निवडी शेजारी-शेजारी ठेवणारं एखादं साधं कोष्टक तिथे असायला हवं होतं.

‘ओ-२ काय नि ओ-३ काय, असा किती फरक पडणार?’ असं वाटत असेल तर मायटकोविच, दिवान, हाउसविर्थ आणि स्वीनी यांचा २००९ चा पेपर जरूर वाचा. उघड अशी कोणतीही चूक न करता चुकीचा डेटा कसा तयार होतो, हा त्याचा विषय. त्यांनी दाखवलं की ऑब्जेक्ट फाइली लिंक करण्याचा क्रम बदलला, किंवा शेलमधल्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सचा एकूण आकार बदलला, तरी ‘ओ-३’ने ‘ओ-२’पेक्षा फायदा होतो की तोटा, हे उत्तर उलटू शकतं. मोठ्या परिषदांमधले १३३ पेपर त्यांनी तपासले. एकातही या पूर्वग्रहाची पुरेशी दखल नव्हती. ते डेटाबेसबद्दल बोलत नव्हते, पण डेटाबेस सर्व्हर हाही शेवटी सी भाषेतला एक मोठा प्रोग्रामच.

पुढे २०१८ मध्ये मार्क रासवेल्ट आणि सहकाऱ्यांनी डेटाबेसची न्याय्य तुलना किती अवघड आहे यावर लिहिलं, त्यात ऑप्टिमाइझ न करता कंपाइल केलेल्या सर्व्हरशी तुलना करण्याचा दोषही आहे. तेव्हा हा प्रश्न आपल्याकडच्या नवख्यांपुरता नाही.

उपाय साधा आहे. दोन्ही सर्व्हर एकाच मशीनवर, एकाच कंपायलरने, शब्दशः त्याच पर्यायांनी बांधा. शोधायला तपासण्यांसह एक प्रत, मोजायला त्यांच्याशिवाय दुसरी. आणि मोजण्याआधी चालू सर्व्हरलाच विचारा की तू कसा बांधला गेलास. आवृत्ती विचारली की तो कंपायलरचं नावही सांगतो, ‘डीबग-असर्शन्स’ची सेटिंग तपासण्या चालू आहेत का ते सांगते, आणि ‘पीजी-कॉन्फिग’ नावाच्या व्ह्यूमध्ये बांधणीचे पर्याय दिसतात. त्याच नावाचा आदेश शेलमध्येही आहे, पण मशीनवर दोन-तीन पोस्टग्रेस असतील तर तो भलत्याचीच माहिती देऊ शकतो. म्हणून चालू सर्व्हरला विचारणं बरं.

‘ळ’ कुठे बसतो?

मराठी डेटावर काम करणाऱ्यांसाठी, म्हणजे कोश, शब्दसंग्रह, ग्रामपंचायतींच्या याद्या हाताळणाऱ्यांसाठी, आता एक खास मुद्दा. काल, काळ, कावळा, काहूर हे चार शब्द अकारविल्हे लावा. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, म्हणून क्रम होईल: काल, कावळा, काहूर, काळ. युनिकोडच्या तक्त्यात मात्र ‘ळ’ला ‘ल’च्या लगेच पुढचा क्रमांक दिलाय. नुसत्या क्रमांकावर लावलं तर ‘काळ’ हा ‘काल’च्या शेजारी जाऊन बसतो.

पोस्टग्रेस यातलं काय करेल, हे तीन ठिकाणी ठरतं. एक, कंपाइल करताना: आयसीयू ही लायब्ररी जोडली की नाही. १६ व्या आवृत्तीपासून ती आपोआप मागितली जाते. त्याआधी मुद्दाम सांगावं लागायचं. दोन, ‘इनिटडीबी’ चालवताना: तेव्हा मशीनच्या एन्व्हायर्नमेंटमधलं लोकेल उचललं जातं. ते ‘सी’ असेल तर क्रमवारी निव्वळ क्रमांकावर. तीन, क्वेरीत किंवा कॉलमला: आयसीयू जोडलेलं असेल तर ‘एमआर-एक्स-आयसीयू’ हे मराठीचं कोलेशन मागता येतं, आणि त्यात ‘ळ’ आपल्या जागी, ‘ह’नंतर येतो.

हे तिन्ही दुवे दस्तऐवजात आहेत. पण पहिला इन्स्टॉलेशनच्या प्रकरणात, दुसरा सर्व्हर उभारण्याच्या आणि ‘इनिटडीबी’च्या पानावर, तिसरा स्थानिकीकरणाच्या प्रकरणात. कंपाइल करताना ‘आयसीयू सापडलं नाही’ असा निरोप आला की घाईतला माणूस ‘विदाउट आयसीयू’ लिहून मोकळा होतो. त्या क्षणी आपण मराठीच्या क्रमवारीवर पाणी सोडतोय, हे तिथे कुणी सांगत नाही.

हा नुसता दिसण्याचा प्रश्नही नाही. मजकुरावरचा इंडेक्स हा क्रमवारीवरच उभा असतो. २०१८ मध्ये लिनक्सच्या ‘जीलिबसी’ या लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत शब्दांची क्रमवारी बदलली. ज्यांनी डेटा तसाच ठेवून ऑपरेटिंग सिस्टीम नवी केली, त्यांच्यावर इंडेक्स जुन्या क्रमाने बांधलेला आणि शोध नव्या क्रमाने, अशी वेळ आली. टेबलात असलेली नोंद शोधल्यावर सापडत नाही, आणि कुठलीही चूक दाखवली जात नाही. म्हणून ‘आम्ही पोस्टग्रेस वापरलं’ एवढं पुरत नाही. ते कोणत्या लायब्ररीच्या खांद्यावर उभं होतं तेही लिहावं लागतं.

‘इनिटडीबी’च्या वेळचे आणखी काही निर्णयही मोजमापात उतरतात. डेटाच्या पानांवर चेकसम ठेवायचा की नाही, हा त्यातला एक. १८ व्या आवृत्तीपासून तो आपोआप चालू असतो, त्याआधी बंद असायचा. १७ आणि १८ ची तुलना करणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. आणि पानाचा आकार तर त्याहून आधी, कंपाइल करतानाच ठरतो: मुळात ८ केबी, हवं तर १ ते ३२ केबीपर्यंत. तो बदलला की जुनी डेटा डिरेक्टरी नव्या सर्व्हरला वाचता येत नाही.

चालू झाला म्हणजे तयार झाला?

सर्व्हर सुरू झाला, क्वेरीचं उत्तर आलं, की प्रकरणं आपला निरोप घेतात. पण सुरू झालेल्या सर्व्हरच्या मूळ सेटिंग कशासाठी असतात? कुठल्याही छोट्या मशीनवर तो न कुरकुरता उभा राहावा यासाठी. ‘शेअर्ड बफर्स’ साधारण १२८ एमबी, ‘वर्क-मेम’ ४ एमबी. ६४ जीबी मेमरीच्या सर्व्हरवर एवढ्याच आकड्यांनी पोस्टग्रेस चालवून ‘आमची पद्धत पोस्टग्रेसपेक्षा दहापट वेगवान’ म्हणणं म्हणजे समोरच्याचे हात बांधून कुस्ती जिंकणं. फक्त डेटाबेससाठी राखलेल्या मशीनवर एकूण मेमरीच्या २५ टक्क्यांपासून सुरुवात करा, असं दस्तऐवज ‘शेअर्ड बफर्स’बद्दल सुचवतो. पण ते सेटिंगच्या प्रकरणात, बरंच पुढे. वर सांगितलेल्या लाइस यांच्या पेपरमध्ये मेमरीच्या कोणत्या सेटिंग बदलल्या ते आकड्यांसह लिहिलंय. त्यांचा तो परिच्छेद नमुना म्हणून वाचा.

आणखी एक उणीव मला जास्त खटकते, कारण ती भरून काढायला एकच वाक्य पुरलं असतं. सोर्स कोड उतरवल्यावर तुमच्या हातात नुसता कोड नसतो. आतल्या फोल्डरांमध्ये ठिकठिकाणी ‘रीडमी’ फाइली आहेत: ऑप्टिमायझर विचार कसा करतो, बफर कोणत्या नियमांनी पकडायचा आणि सोडायचा, बी-ट्री इंडेक्स एकाच वेळी अनेकांनी वापरला तर काय. बी-ट्रीची फाइल तर लेहमन आणि याओ यांच्या १९८१ च्या पेपरपासून सुरू होते आणि आपण त्यापासून कुठे नि का वेगळे झालो हे सांगते. आपण सिल्बरशाट्झ, कोर्थ आणि पवईच्या आयआयटीतले प्रा. सुदर्शन यांचं पाठ्यपुस्तक वाचून आलेले असतो. पाठ्यपुस्तकातली संकल्पना आणि चालणारा कोड यांच्यामधला पूल म्हणजे या फाइली. सोर्सवरून बांधण्याचं प्रकरण सोर्सच्या आत असलेल्या या खजिन्याकडे बोटही दाखवत नाही.

मग पॅकेज का नको?

या प्रकरणाच्या बाजूनेही बोललं पाहिजे. हे मॅन्युअल पीएचडीच्या विद्यार्थ्यासाठी लिहिलेलं नाही. ते सिस्टीम चालवणाऱ्यासाठी आहे, आणि त्याला सगळे इशारे पहिल्याच पानावर दिले तर तो पान मिटून टाकेल. थोडक्यात कृती थोडक्यातच असायला हवी. शिवाय मी वर सांगितलेलं जवळपास सगळं मी त्याच दस्तऐवजात वाचलेलं आहे, फक्त चार-पाच प्रकरणं पालथी घालून. माझी तक्रार माहिती दडवल्याची नाही, जोडणीची आहे.

आणि प्रत्येकाने सोर्सवरून बांधावं असंही अजिबात नाही. तुमचं संशोधन जीवशास्त्रात किंवा समाजशास्त्रात असेल आणि डेटाबेस फक्त नोंदी ठेवायला हवा असेल, तर वितरकाचं पॅकेज घ्या. सुरक्षेच्या दुरुस्त्याही आपोआप मिळतात. सोर्सकडे तीन वेळा वळावं: कोडमध्ये बदल करायचा असेल तेव्हा, पॅकेजमध्ये न मिळणारा बांधणीचा पर्याय हवा असेल तेव्हा, आणि दोन सर्व्हरची बरोबरीच्या पायावर तुलना करायची असेल तेव्हा.

प्रबंधात काय लिहाल?

‘सर्व प्रयोग पोस्टग्रेसवर केले’ हे वाक्य प्रबंधात एकटं ठेवू नका. त्याच्यासोबत एवढं तरी लिहा:

– पोस्टग्रेसची नेमकी आवृत्ती, आणि गिटमधून घेतला असेल तर कमिट. स्वतः केलेला बदल परिशिष्टात.
– कंपायलर आणि त्याची आवृत्ती, बांधणीचा मार्ग, आणि ‘कॉन्फिगर’ किंवा ‘मेसन’ला दिलेली पूर्ण ओळ, जशीच्या तशी.
– ‘मेक चेक’चा निकाल, बदलाआधीचा आणि नंतरचा.
– ‘इनिटडीबी’ला दिलेले पर्याय: लोकेल, एन्कोडिंग, चेकसम.
– ऑपरेटिंग सिस्टीम, जीलिबसी आणि आयसीयूच्या आवृत्त्या.
– मूळपासून बदललेली प्रत्येक सेटिंग, तिच्या आकड्यासह. तुलनेच्या दोन्ही सर्व्हरची.

अर्धं पानसुद्धा होत नाही. पण तोंडी परीक्षेत कुणी विचारलं की ‘तुमचा वेग तुमच्या पद्धतीचा कशावरून, कंपायलरचा कशावरून नाही?’, तर उत्तर या अर्ध्या पानात असतं. आणि तीन वर्षांनी तुमच्याच विभागातल्या धाकट्याला तुमचा प्रयोग पुन्हा उभारायचा झाला, तर त्याला फोन करून ‘ताई, तेव्हा नक्की काय लावलं होतं हो?’ असं विचारावं लागत नाही.

आज संध्याकाळी वेळ असेल तर एवढंच करा. सोर्स उतरवा, होम डिरेक्टरीत एका वेगळ्या प्रीफिक्सवर बांधा, ‘मेक चेक’ चालवा आणि मग बी-ट्रीच्या फोल्डरमधली ‘रीडमी’ उघडा. कुठे अडलात तर ‘कॉन्फिगर’ची लॉग फाइल आधी शेवटापर्यंत वाचा, आणि तरीही नाही सुटलं तर त्यातली नेमकी ओळ मला कळवा. ‘चालत नाहीये’ एवढंच कळवलंत तर मी पहिला प्रश्न हाच विचारणार: बांधताना ओळ कोणती दिली होतीत?